एअर डस्टर स्प्रेचा रिव्ह्यू: काम करतो, पण डब्यात हवा नाहीये हे आधी समजून घ्या

सरळ मुद्द्यावर येते. माझा इंदिरानगर साइडला टायपिंगचा क्लास आहे, जीसीसी-टीबीसी ही सरकारी टायपिंगची परीक्षा आणि एमएस-सीआयटी देणारी मुलं येतात, आणि नाशिकमध्ये सध्या जिकडे बघाल तिकडे रस्ते खोदलेले, कुंभाची कामं चाललीयेत, खिडक्या लावून घेतल्या तरी संध्याकाळपर्यंत टेबलावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ बसते. त्यात मराठी टायपिंगवाली पोरं कीबोर्ड असा बडवतात की विचारू नका, वर डबा खात खात प्रॅक्टिस, मग स्पेसबारखाली चिवड्याचे पोहे, खारीचा चुरा, एकदा तर अख्खी शेंगदाण्याची पाकळी. म्हणून तो कॉम्प्रेस्ड गॅसचा स्प्रे कॅन घेतला, ज्याला सगळे एअर डस्टर म्हणतात. कॅनडा कॉर्नरच्या आसपासच्या एका कॉम्प्युटर पार्टच्या दुकानातून, ४०० मिलीचा, लाल नळीवाला. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण मी जे सांगणार आहे ते जवळपास सगळ्याच कॅनना लागू आहे.

आधी चांगलं सांगते. कीबोर्डला एक नंबर. नळी कीच्या फटीत तिरकी धरायची, बटण एक-दोन सेकंद दाबून सोडायचं, परत दाबायचं, आतला कचरा उडून बाहेर येतो ते बघायला सुद्धा बरं वाटतं. यूएसबी पोर्ट, रॅमचे स्लॉट, हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या) पट्ट्यांमधली ती नमद्यासारखी जमलेली धूळ, ह्या जागांना ब्रश पोचत नाही आणि फुंकर मारली तर थुंकी जाते. तिथे हा कॅन खरंच कामाचा. एक मशीन सतत गरम होऊन बंद पडायचं, हीटसिंक साफ केल्यावर थांबलं, मेकॅनिकचे पैसे वाचले.

आता ज्याच्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला बसले ते. ऑनलाइन बघा, निम्मे लोक एक स्टार देऊन लिहितात की कॅन अर्ध्यातच संपला, फसवणूक आहे, प्रेशर गेलं. अहो, संपलेला नसतो तो. हलवून बघा, आत पाणी हलल्यासारखं वाटतं. ते पाणी नाही, दाबाखाली द्रव झालेला गॅस आहे. बहुतेक कॅनमध्ये आर-१३४ए नाहीतर आर-१५२ए असतो. १३४ए म्हणजे तोच, जो वर्षानुवर्षं आपल्या गाडीच्या एसीत आणि फ्रिजमध्ये भरत आलेत. हा द्रव उणे २६ अंशाला उकळतो, १५२ए उणे २५ च्या आसपास. म्हणजे बटण दाबलं की आत तो उकळायला लागतो आणि उकळायला लागणारी उष्णता कॅनकडूनच घेतो, कॅन गार पडतो, गार पडला की दाब उतरतो. घरच्या गॅस सिलिंडरवर मोठी शेगडी जोडली की सिलिंडरला घाम सुटतो, तसंच आहे हे. पाच-दहा मिनिटं बाजूला ठेवून द्या, परत पहिल्यासारखा येतो. फक्त थांबायला नको म्हणून काही हुशार लोक गरम पाण्यात बुडवतात किंवा उन्हात ठेवतात, ते करू नका. १३४ए चा दाब २० अंशाला पावणेसहा बारच्या आसपास असतो, ५० अंशाला तोच तेराच्या वर जातो, दुपटीपेक्षा जास्त. कॅनवर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते ती उगाच नाही. आणि एप्रिलमध्ये आपल्याकडे बाहेरच पारा चाळिशीला टेकतो, काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्डवर काय होत असेल विचार करा. गाडी पुसायला म्हणून हा कॅन डिकीत टाकून ठेवणारे मी दोन जण ओळखते, दोघांनाही सांगून झालंय.

दुकानाबद्दल. माल ओरिजिनल होता, बिल मागितल्यावर दिलं, पावशेर चिडचिड करून का होईना. पण काउंटरवरच्या दादांनी मला डेमो दाखवला तो असा की कॅन उलटा धरला आणि एका कापडावर मारला, पांढरा बर्फ जमला, म्हणे "बघा मॅडम, किती पॉवरफुल!" मी म्हटलं दादा, हे पॉवर नाही, हा लिक्विड बाहेर आलाय, हे स्क्रीनवर पडलं तर काच तडकेल. ते म्हणाले अहो पोरांना हेच आवडतं, हेच बघून घेऊन जातात. तिथेच माझ्या डोक्यात टिकटिक सुरू झाली. काउंटरवर चॉकलेटच्या बरणीशेजारी कॅनची रांग, शेजारीच शाळेच्या गणवेशातला एक जण पेनड्राइव्ह घेत उभा.

आणि पुढे झालंही तसंच. क्लासमधल्या एका मुलाने, अकरावीतला, घरी गेमिंगचा पीसी आहे, त्याने स्वतःच्या पैशाने असाच कॅन आणला होता आणि सॅकमध्ये घेऊन आला मित्राला दाखवायला. मी आत परीक्षेचे फॉर्म भरत होते. बाहेरून हसण्याचा आवाज, मग एकदम "आई गं". जाऊन बघते तर एकाने दुसऱ्याच्या मनगटावर कॅन उलटा करून मारलेला, कोण जास्त वेळ सहन करतो अशी पैज. मनगटावर रुपयाएवढा ठिपका, मेणासारखा पांढरा, बोट लावलं तर कडक, आणि पोरगा म्हणतो मॅडम काही वाटतच नाहीये. काही वाटत नाही हेच वाईट लक्षण. नशीब की शेजारच्यांनी चोळायला घेतला होता तो हात मी सोडवला, चोळायचं नसतं, आणि बर्फ तर मुळीच लावायचा नाही, गरम शेकही नाही. कोमट पाण्यात हात धरायला लावला, बाळाला आंघोळ घालतो तेवढ्या कोमट, मग हळूहळू लाल झालं आणि तेव्हा साहेबांना दुखायला लागलं. संध्याकाळी फोड आला. त्याच्या आईला बोलावून डॉक्टरकडे पाठवलं. थंडीने भाजणं म्हणतात ते हेच, नाशिकच्या जानेवारीत सुद्धा कोणाला होत नाही ते भर उन्हाळ्यात झालं.

त्या दिवशी कॅन कोणी आणला, कशाला आणला, किती जणांकडे आहे अशी मी जरा चौकशी केली आणि जे कानावर आलं त्याने झोप उडाली. काही पोरांना माहितीये की हा गॅस हुंगतात लोक. व्हिडिओत बघितलंय. आमच्यातलं कोणी करत नाही मॅडम, असं सगळेच म्हणाले, म्हणणारच.

तर हे नीट वाचा, विशेषतः घरात दहा ते वीस वयाचं कोणी असेल तर. आपल्याकडे हुंगण्याचा विषय नवीन नाही, स्टेशनजवळ रुमालात पंक्चरचं सोल्युशन घेऊन बसलेली पोरं आपण सगळ्यांनी पाहिलीयेत आणि मान फिरवून पुढे गेलोय. व्हाइटनरचं तर इतकं झालं की २०१२ मध्ये केंद्र सरकारने बाटलीतलं व्हाइटनर आणि थिनर किरकोळ विकायला बंदी आणली, म्हणून आता पेनमध्ये मिळतं. पण डस्टरचा कॅन बघून कोणाच्या आईबापाला शंका येणार? तो तर कॉम्प्युटर साफ करायचा, अभ्यासाच्या टेबलावरच असतो. वर नाव एअर. हवाच आहे ना मग काय होतंय.

होतं असं, की हे फ्लोरिनवाले गॅस हृदयाला अॅड्रेनलिनच्या बाबतीत हळवं करून टाकतात. अॅड्रेनलिन म्हणजे घाबरल्यावर, पळाल्यावर शरीर जे सोडतं ते. गॅस ओढलेला असताना नुसतं कोणी दार वाजवलं, दचकला, पळाला, तरी हृदयाचे ठोके एकदम बिघडून जागच्या जागी खेळ खलास होऊ शकतो. ह्याला सवय लागायची, व्यसन वाढायचं असली वाट बघावी लागत नाही, पहिल्याच वेळेला होऊ शकतं आणि निरोगी, फुटबॉल खेळणाऱ्या पोराला होऊ शकतं. हे आजचं ज्ञान नाही, मिलार्ड बास नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९७० सालीच हुंगून अचानक मेलेल्या ११० तरुणांवर पेपर लिहिला होता. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाचा आकडा आहे की २०१२ ते २०२१ मध्ये डस्टर हुंगून हजाराच्या वर माणसं गेली, आणि २०२४ मध्ये त्यांनी प्रस्ताव मांडला की एका कॅनमध्ये १३४ए आणि १५२ए हे दोन गॅस मिळून १८ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. मिलिग्रॅम बरं का. आपल्या ४०० मिलीच्या कॅनमध्ये शेकड्याने ग्रॅम असतो. म्हणजे सरळ भाषेत कॅन विकूच नका.

एकाने माझ्याशी वाद घातला की मॅडम दम्याच्या पंपात पण १३४एच असतो, मग तो कसा चालतो. बरोबर आहे, असतो. पण तो एका दाबाला मोजून, ग्रॅमच्या दहाव्या भागापेक्षाही कमी, डॉक्टरने दिलेला, आणि सोबत भरपूर हवा. मीठ भाजीत घालतात म्हणून कोणी वाटीभर खात नाही.

काही कॅनमध्ये मुद्दाम कडू द्रव्य घालतात, डेनाटोनियम, की कोणी ओढू नये. मी घेतलेल्यात होतं, कारण कीबोर्ड साफ करून तसाच समोसा खाल्ला आणि पहिला घास कारल्यापेक्षा कडू लागला. पण त्याने ज्याला करायचंच आहे तो थांबतो असं काही नाही, आणि उलट त्याचा बारीक थर कॅमेऱ्याच्या लेन्सवर बसतो. फोटोग्राफर मंडळींनी म्हणून लेन्सला आणि सेन्सरला हे मारूच नये, रबरचा फुगा बरा.

घरच्यांनी बघायचं काय? कॅन लवकर लवकर संपणं, दप्तरात किंवा गादीखाली रिकामे कॅन, ओठांभोवती किंवा बोटांवर गार लागल्यासारखे पांढरे-लाल चट्टे, दारू न पिता जीभ अडखळणं, तोल जाणं, सारखं डोकं दुखणं. आणि कोणाला करताना पकडलंत तर, हे सगळ्यात अवघड आहे मराठी आईबापाला, पण तेव्हा ओरडायचं नाही, चप्पल काढायची नाही, मागे धावायचं तर अजिबात नाही. वर अॅड्रेनलिनचं लिहिलंय ते आठवा. शांत आवाजात बसवा, खिडक्या-दारं उघडा, कॅन काढून घ्या, पंधरा-वीस मिनिटं हालू देऊ नका आणि डॉक्टरकडे न्या. शुद्ध हरपली आणि श्वास नाही तर १०८ लावा आणि छाती दाबायला सुरू करा, अॅम्ब्युलन्सची वाट बघत बसू नका. रागवायचं ते दुसऱ्या दिवशी. नंतरच्या मदतीसाठी सरकारची व्यसनमुक्तीची टोल फ्री लाइन आहे, १४४४६.

आता परत प्रॉडक्टकडे, कारण आगीचं राहिलं. माझ्या कॅनवर पुढे मोठ्या अक्षरात "सेफ" आणि मागे टिकलीएवढ्या चौकोनात ज्वाळेचं चित्र. म्हणजे बहुधा १५२ए. १३४ए नेहमीच्या वापरात पेटत नाही पण १५२ए पेटतो, हवेत साधारण ४ टक्के झाला की पुरे. स्वस्तातल्या काही कॅनमध्ये तर एलपीजी किंवा डायमिथाइल इथर असतं, ते तर विचारूच नका. आणि हे सगळे गॅस हवेपेक्षा जड, १५२ए दुपटीहून जास्त, १३४ए साडेतीनपट, म्हणून उडून जात नाहीत, कॅबिनेटच्या तळाशी, टेबलाखाली साचून राहतात. बंद खोलीत फवारला तर खाली बसून काम करणाऱ्याच्या नाकातली हवा कमी होते ते वेगळंच.

आता आपल्याकडचा सीन डोळ्यासमोर आणा. खंडेनवमी. सकाळी सगळे सीपीयू उघडून स्प्रे मारून चकाचक करायचे, मग लगेच कीबोर्डला हळदकुंकू, मॉनिटरला झेंडूची माळ, आणि सीपीयूसमोर निरांजन आणि उदबत्तीचा झुबका. मी स्वतः दरवर्षी पूजा करते, श्रद्धेचा प्रश्नच नाही, पण साफसफाई आदल्या दिवशी उरकते, पंखे लावून, दारं उघडी ठेवून. मशीन बंद म्हणजे नुसतं शटडाउन नाही, वायर काढायची, एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, थंड होऊ द्यायचा, आणि मारून झाल्यावरही दहा-पंधरा मिनिटं चालू करायचं नाही, कारण एका स्विचच्या ठिणगीने भागतं. प्रिंटर आणि झेरॉक्सवाल्यांनी तर जपूनच, आतला फ्यूजर, म्हणजे कागदावर टोनर पक्का करणारा गरम रोलर, तापलेला असतो, शिवाय टोनरची पावडर फुंकून उडवायची वस्तूच नव्हे, छातीत जाते. कागद कापायच्या श्रेडरमध्ये मारून मग बटण दाबल्यावर भडका उडालेल्या घटना घडलेल्या आहेत, मोटरची ठिणगी पुरते. आणि जळलेल्या फ्लोरिनच्या गॅसमधून हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू निघतो, तो फुप्फुसाला जे करतं ते इथे लिहीत नाही.

जाता जाता, वाढदिवसाला केकसमोर तो फेसाचा स्नो स्प्रे मारतात ना, मेणबत्त्या पेटलेल्या असताना, त्यातही बऱ्याचदा ब्युटेन-प्रोपेनच असतं. ते व्हिडिओ बघितले असतीलच, बर्थडे बॉयचे केस पेटलेले. क्लासमध्ये मी तो प्रकार बंद केलाय, पोरं मला खडूस म्हणतात, म्हणू देत.

वापरायची पद्धत थोडक्यात सांगायची तर कॅन उभाच, वापरायच्या आधी हलवायचा नाही, नळी घट्ट बसली का बघायची नाहीतर ती बंदुकीच्या गोळीसारखी डोळ्यात येते, वीतभर अंतर, छोटे छोटे दाब. पंख्याची पाती बोटाने किंवा पेन्सिलने धरून ठेवा, नाहीतर तो उलटासुलटा भन्नाट फिरतो, बेअरिंग जातं आणि पंखा जनरेटरसारखा करंट बोर्डात पाठवू शकतो. लॅपटॉपच्या जाळीतून बाहेरूनच मारून काही होत नाही, धूळ आत सरकते फक्त. रिकामा कॅन खरं तर रिकामा नसतो, थोडा गॅस राहतोच, त्याला भोक पाडायचं नाही, शेकोटीत किंवा होळीत टाकायचा नाही, घंटागाडीवाल्याला वेगळा हातात द्यायचा आणि सांगायचं काय आहे ते. आमच्या घंटागाडीवरच्या ताईंना एकदा सांगितल्यापासून त्या बाजूच्या पोत्यात टाकतात.

पर्यावरणाचं पण एक आहे. १३४ए चा एक किलो शंभर वर्षांच्या हिशोबाने जवळपास चौदाशे किलो कार्बन डायऑक्साइडएवढा तापवतो, १५२ए सव्वाशेच्या आसपास. २०१६ च्या किगाली ह्या आंतरराष्ट्रीय करारात हे गॅस कमी करायचं ठरलंय, भारतानेही २०२१ मध्ये मान्य केलंय. एचएफओ-१२३४झेडई ह्या नव्या गॅसचं नाव लिहिलेला कॅन मिळाला तर त्याचा तापवण्याचा आकडा अगदी किरकोळ आहे, पण तो महाग, आणि हुंगण्याच्या बाबतीत त्याला सुरक्षित समजू नका.

मग घ्यायचा का? घरात एक लॅपटॉप आणि एक कीबोर्ड असेल तर नका घेऊ. एमजी रोडला कॅमेऱ्याच्या सामानात रबरचा ब्लोअर मिळतो, शंभर-दोनशेत, वर्षानुवर्षं चालतो, आणि रंगकामाचा मऊ नवा ब्रश, बास झालं. सायबर कॅफे, क्लास, ऑफिस असेल तर इलेक्ट्रिक ब्लोअर घ्या, सुरुवातीला हजार-दीड हजार जातात पण नंतर कॅनचा खर्च नाही, फक्त मशीन गॅलरीत नेऊन मारा नाहीतर धूळ ह्या टेबलावरून त्या टेबलावर. सीपीयू उचलून पंक्चरवाल्याकडे नेणारे महाभाग पण आहेत, त्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी आणि तेल साचलेलं असतं, धूळ जाते आणि बोर्डावर तुषारसिंचन होतं.

स्टार द्यायचे तर साफसफाईला चार, लेबलला एक, एकूण तीन. दुकानाला सर्व्हिसचे साडेतीन, आणि ते अर्धा वाढले असते कारण मी परत जाऊन मनगटाचा फोटो दाखवला तेव्हा दादांनी कॅन काउंटरवरून उचलून मागच्या फळीवर ठेवले, पण मागच्या आठवड्यात टोनर आणायला गेले तर दोन कॅन परत पुढे. विचारलं तर म्हणे मॅडम मागे ठेवला की खपत नाही. माझा कॅन अजून अर्धा आहे, कुलुपातल्या कपाटात, कपाट भिंतीच्या सावलीच्या बाजूला, संपला की ब्लोअरवरच भागवणार.